नोस्फेराटूची ब्लू-रे: फुकटातली कॉपी बघून ज्यांना हसू आलं त्यांच्यासाठी

आधीच सांगून टाकतो, हा पिक्चर मी याआधी दोनदा लावलाय आणि दोन्ही वेळा अर्ध्यात बंद केलाय. कॉलेजात असताना कोणाच्या तरी पेनड्राइव्हवरून आलेली कॉपी होती, इतकी पांढरीफटक की माणसांना नाक-डोळे आहेत का नाही तेच कळेना, सगळे तुरुतुरु धावतायत आणि मागे कोणीतरी ऑर्गन बडवत बसलंय ज्याचा समोर चाललंय त्याच्याशी काही संबंध नाही. हॉस्टेलच्या रूमवर आम्ही पाच जण हसून लोळलो होतो. १९२२ चा जर्मन भूतपट म्हणे, जगात भारी म्हणे, आणि हे काय, असं झालं होतं.

मग गेल्या वर्षी २०२४ चा नवा नोस्फेराटू बघितला, डोक्यातून जाईना, म्हटलं जुना एकदा नीट बघू. मावसभाऊ लंडनहून येणार होता त्याला सांगून तिकडे निघालेली ब्लू-रे मागवली. आणि इथे माझा पहिला पोपट झाला. ब्लू-रेला झोन असतात, ब्रिटनची डिस्क बी झोनची आणि आपला भारत सी झोनमध्ये, त्यामुळे घरच्या प्लेअरने तिला हातच लावला नाही. ऑनलाइन पानावर हे बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, मी वाचलं नाही, चूक माझीच. शेवटी एका मित्राचा सगळे झोन चालणारा प्लेअर उचलून आणला, रविवारी परत देतो म्हणून.

आता डिस्कबद्दल. ही मुर्नाव फाउंडेशनने केलेल्या रिस्टोरेशनवरून काढलेली आहे, मुर्नाव म्हणजे या पिक्चरचा दिग्दर्शक एफ. डब्ल्यू. मुर्नाव. लावल्यावर पहिली गोष्ट काय दिसली तर रंग! मला वाटायचं मूकपट म्हणजे काळा-पांढरा, विषय संपला. तर नाही, तेव्हा प्रिंट चक्क रंगात बुडवून काढायचे, रात्र असेल तर निळा, दिवस किंवा घरातला दिवा असेल तर पिवळसर, पहाट असेल तर गुलाबी. रात्री शूट करण्याइतकी फिल्म तेव्हा तेज नव्हती, म्हणून रात्रीचे सीन भर उन्हात घ्यायचे आणि मग निळे करायचे. आमच्या हॉस्टेलच्या कॉपीत हा रंगच उडालेला, त्यामुळे काउंट ऑर्लोक, म्हणजे यातला रक्त पिणारा व्हँपायर, स्वतःची शवपेटी काखोटीला मारून टळटळीत दुपारी गावातून निघालाय असं दिसायचं, सिलेंडर घेऊन निघालेल्या माणसासारखा, आणि मग हाच प्राणी शेवटी सूर्यप्रकाशाने मरतो म्हटल्यावर हसू नाही येणार तर काय. निळ्या रंगात तोच सीन बघितला आणि गप्प बसलो. (उन्हाने व्हँपायर मरतो ही आयडियासुद्धा याच पिक्चरची बरं का, हा पिक्चर ज्यावरून उचललाय त्या ब्रॅम स्टोकरच्या पुस्तकातला ड्रॅक्युला दिवसा फिरतो.) हे रंग कोणी मनाने भरलेले नाहीत, पॅरिसच्या सिनेमातेकमध्ये, म्हणजे जुन्या फिल्म जपून ठेवणाऱ्या संस्थेत, १९२२ चीच एक रंगवलेली प्रिंट सापडली होती, तिच्यावरून घेतलेत.

दुसरं म्हणजे वेग. त्या काळच्या फिल्म सेकंदाला साधारण १८ फ्रेमच्या हिशोबाने चालायच्या, त्या २४ ने पळवल्या की सगळ्यांच्या पायाला चाकं लागतात. इथे पिक्चर दीड तासाच्या थोडा वर चालतो आणि ऑर्लोक हळू चालतो. भयंकर हळू. तिथेच सगळी भीती आहे राव.

एक सीन सांगतोच. हुटर नावाचा पोरगा घराच्या व्यवहारासाठी ऑर्लोकच्या किल्ल्यात आलाय, रात्री खोलीचं दार जरासं उघडून बघतो तर लांब, अंधाऱ्या दालनाच्या त्या टोकाला तो उभा. नुसता उभा. हात खाली सोडलेले, नखं लांब, पुढचे दोन दात घुशीसारखे. हुटर दार लावतो तर आतून कडी नाही, खिडकीतून बघतो तर खाली कडा, मग काय करणार बिचारा, पलंगावर जाऊन पांघरूण डोक्यावर ओढून घेतो. आपण लहानपणी करायचो तस्सं! आणि दार आपोआप उघडतं, आणि त्या कमानीच्या आकारात ऑर्लोक इतका फिट बसतो की कमान म्हणजे उभी केलेली शवपेटीच वाटते. आवाज नाही, किंकाळी नाही, आजकालच्या हॉररमध्ये कॅमेऱ्यासमोर अचानक थोबाड आणून ढँण करतात तसलं काही नाही. आपल्याला तो येताना दिसत राहतो आणि आपण काही करू शकत नाही, एवढंच.

ज्याने हे काम केलंय त्याचं आडनाव श्रेक, मॅक्स श्रेक, आणि जर्मनमध्ये श्रेक म्हणजे धास्ती. खरंखुरं आडनाव आहे, पोस्टरसाठी घेतलेलं नाही. पूर्ण पिक्चरमध्ये हा माणूस दहा मिनिटंसुद्धा दिसत नाही.

अर्धा पिक्चर झाला तेव्हा आई गवार निवडायला ताट घेऊन हॉलमध्ये येऊन बसली. मधेमधे संवादांच्या जर्मन पाट्या, खाली इंग्लिश सबटायटल, म्हणून मी मोठ्याने मराठीत सांगत बसलो. नंतर आठवलं, आपल्याकडे मूकपटांच्या जमान्यात थेटरात असंच कोणीतरी उभं राहून पाट्या वाचून दाखवायचं. ऑर्लोकला बघून आई म्हणाली, "हा आजारी आहे का रे?" मी हसलो, पण पुढे जहाज गावाला लागतं, उंदीर उतरतात, प्लेगची दवंडी पिटतात, एक माणूस घराघरांच्या दारावर खडूने फुल्या मारत जातो आणि गल्लीतून शवपेट्यांची रांग निघते, तेव्हा तिचे हात थांबले. म्हणाली, "आमची आजी सांगायची, उंदीर पडायला लागले की गाव सोडून माळावर झोपड्या टाकायचे." स्टोकरचं ड्रॅक्युला छापलं गेलं १८९७ ला आणि आपल्या पुण्यातला तो प्लेगही त्याच वर्षीचा, हे माझ्या डोक्यात याआधी कधीच आलं नव्हतं. बघणाऱ्या जर्मनांना तर युद्ध आणि १९१८ ची साथ नुकतीच भोगून झालेली, त्यांना काय वाटलं असेल थेटरात.

आता जे नाही आवडलं ते पण सांगतो, उगाच क्लासिक आहे म्हणून आरती ओवाळणार नाही. ऑर्लोकची घोडागाडी जंगलातून फास्ट फॉरवर्ड केल्यासारखी धावते ते आजही विनोदीच वाटतं, रिस्टोर करा नाहीतर सोन्यात मढवा. (त्याच प्रवासात निगेटिव्ह वापरून झाडं पांढरी केलीत ते मात्र भारी.) शेवटाकडे नॉक नावाच्या वेड्या दलालाला अख्खं गाव धरायला धावतं ते लांबतं, बुजगावण्यावर तुटून पडणारे लोक मजेशीर आहेत पण तोवर आपल्याला ऑर्लोक हवा असतो. आणि खानावळीत सगळे सांगतात बाहेर लांडग्याचं रूप घेतलेलं भूत फिरतंय, आपण श्वास रोखून बसतो, आणि पडद्यावर येतं कोण तर तरस! पट्टेवालं, आपल्या माळरानावर असतं तेच. मी लगेच, "अरे, हे तर तरस." जर्मनीत बघणाऱ्यांना चाललं असेल, आपल्याकडे नाही चालत.

चित्राबद्दल म्हणाल तर काही ठिकाणी ओरखडे आहेत, मधेच फ्रेम उडी मारते. मला त्याचं काही वाटलं नाही, कारण हा पिक्चर हातात आहे हेच नशीब. बनवणाऱ्या प्राना फिल्मने पुस्तकाचे हक्क घेतलेच नव्हते, नावं बदलली आणि ठोकून दिलं, स्टोकरच्या बायकोने केस टाकली, कंपनी तोवर बुडाली आणि १९२५ मध्ये कोर्टाने सगळ्या कॉप्या नष्ट करा म्हणून सांगितलं. बाहेरदेशी गेलेल्या वाचल्या म्हणून आपण बघतोय. फुकटातल्या बऱ्याच कॉप्यांमध्ये अमेरिकन पाट्या आहेत, त्यात ऑर्लोकचं नाव सरळ ड्रॅक्युला करून टाकलंय, हेही आता कळलं. संगीत हान्स एर्डमनने मूळ पिक्चरसाठी केलेलं, पुन्हा जुळवून पूर्ण ऑर्केस्ट्रावर वाजवलेलं. टीव्हीच्या स्पीकरवर ऐकू नका, हेडफोन नाहीतर साउंडबार लावा.

पाचापैकी साडेचार. अर्धा कापलाय तो तरसाचा. झोनचा वैताग पिक्चरच्या माथी नको, पण घेणार असाल तर आधी आपला प्लेअर बघा, नाहीतर माझ्यासारखी डिस्क शोकेसमध्ये ठेवायची वेळ येईल. आणि लाइट बंद करून बघा, मोबाइल दुसऱ्या खोलीत.

प्लेअर मित्राला रविवारी द्यायचा होता. शनिवारी रात्री आई म्हणाली, "तो दार आपोआप उघडतं म्हणालास तो भाग मी बघितला नाही, तेव्हा मी आत कुकर लावत होते." त्याला आणखी तीन रविवार होऊन गेले, प्लेअर अजून आमच्याकडेच आहे.