झिंकची टेस्ट: सॅम्पल एक नंबर, रिपोर्टची बोंब

आईचे केस फार गळायला लागले म्हणून स्किनच्या डॉक्टरांनी बाकी टेस्टसोबत सीरम झिंक (रक्तातलं झिंक मोजायची टेस्ट) पण लिहून दिलं. घरी येऊन सॅम्पल नेणाऱ्या एका लॅबला फोन केला (नाव नाही लिहीत) आणि आधी विचारलं, ट्यूब कुठली वापरता? कारण साध्या ट्यूबच्या रबरी बुचातूनच झिंक रक्तात उतरतं आणि आकडा फुगतो. फोनवरच्या मुलीला काही कळलं नाही, पण सकाळी आलेल्या दादाने बॅगेतून बरोब्बर गडद निळ्या बुचाची ट्रेस एलिमेंटवाली (झिंकसारखे रक्तात अगदी थोडे असणारे घटक मोजायची) ट्यूब काढली, वर विचारलं, "काकू, काही खाल्लं नाही ना? झिंकची गोळी वगैरे?" खाल्लं की झिंक खाली येतं, आणि सकाळपेक्षा दुपारी तसंही कमीच भरतं, म्हणून सकाळी उपाशीपोटीच द्यायचं. दंडाला पट्टा पण उगाच आवळून ठेवला नाही, रक्त शांतपणे काढलं, नाहीतर लाल पेशी फुटल्या की त्यांच्यातलं झिंक बाहेर येतं आणि मुसळ केरात.

रिपोर्ट उशिरा आला, ते एक वेळ चालेल, सॅम्पल त्यांच्या मेन लॅबला जातं. पण आकडा ६४, त्यांची रेंज ७० ते १२० मायक्रोग्रॅम पर डेसिलिटर, बाजूला लालभडक "लो" आणि खाली लगेच ५० मिलिग्रॅमच्या गोळ्यांची जाहिरात!! अरे, आदल्या आठवड्यात तिला सणकून ताप-खोकला होता, ते कोणी विचारलंच नाही. इन्फेक्शन असलं की शरीर रक्तातलं झिंक लिव्हरकडे ओढून घेतं, मग कमतरता नसली तरी आकडा पडतो. शिवाय रक्तातलं बरंचसं झिंक अल्ब्युमिन नावाच्या प्रोटीनला चिकटलेलं असतं, ते कमी झालं की हेही कमी. डॉक्टरांनी दोन्ही बघितलं, अल्ब्युमिन ठीक, सीआरपी (शरीरात इन्फेक्शन किंवा सूज असली की वाढणारं प्रोटीन) वाढलेला, म्हणाले गोळी आत्ता नको, खोकला पूर्ण जाऊ दे मग परत करू. ५० मिलिग्रॅम महिनोन्महिने खाल्लं की कॉपर घसरतं आणि त्यातून रक्त कमी, पायाला मुंग्या, नसती भानगड.

त्या जाहिरातीबद्दल कस्टमर केअरला फोन केला तर, "मॅडम, ते ऑटोमॅटिक येतं." वा!

दादाला पाचपैकी पाच, रिपोर्टला दोन. परत टेस्ट मात्र यांच्याकडेच करणार, कारण रेंज आणि मशीन लॅबगणिक बदलतं, दोन आकडे शेजारी ठेवून बघायचे तर लॅब एकच पाहिजे.