सीपीएल फिल्टर: आठ महिने खारं पाणी खाल्ल्यावर

बडोद्यात समुद्र नाही. तरी खडकांवरचे खेकडे आणि डबक्यांतले जीव टिपायचं वेड लागलं, म्हणून आठ महिन्यांपूर्वी मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायच्या) लेन्ससाठी ५८ मिमीचा सीपीएल, म्हणजे पाण्यावरची चमक अडवणारा पोलरायझर फिल्टर घेतला. पहिली चाचणी गावातल्या सूरसागर तलावावर. फिल्टरचं कडं फिरवलं आणि पाण्यावरचं आकाश पुसल्यासारखं गेलं, काठाशी बुडालेली बाटली दिसायला लागली. एवढ्यावरच मी खूश!

मग सौराष्ट्र मेल पकडून जामनगर आणि तिथून नरारा. कच्छच्या आखातातलं हे सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ सालचं, देशातलं पहिलं. ओहोटी लागली की घोटाभर पाण्यातून प्रवाळांच्या खडकापर्यंत चालत जाता येतं. पहिल्या दिवशी डबक्यावर उभा राहून, कॅमेरा सरळ खाली धरून शंभरेक फोटो काढले. कडं कितीही फिरवलं तरी चमक जिथल्या तिथे. दुकानदाराने गंडवलं असंच वाटलं.

चूक माझीच होती. सरळ खाली बघताना पाण्यावरून परतणारा उजेड ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणारा) नसतो, मग फिल्टर अडवणार काय? पाण्याच्या पातळीशी साधारण ३७ अंशांचा कोन साधला की तो पूर्ण काम करतो. दुसऱ्या दिवशी गुडघे टेकून तिरपा बसलो. समुद्रफुलाची (सी ॲनिमोनची) बोटं सुटी सुटी दिसली, त्यांच्या बुडाशी दडलेला नखाएवढा खेकडाही. पण तिरप्या कोनाची किंमत असते: मॅक्रोमध्ये फोकसची जेमतेम एक पट्टी मिळते, पुढचं-मागचं सगळं धूसर.

वरूनच फोटो हवा असेल तर आजोबांची काळी छत्री. डबक्यावर धरली की आकाशाऐवजी काळं कापड परावर्तित होतं आणि तळ उघडा पडतो. वाऱ्यात ती सांभाळायला माणूस लागतो. आमच्याकडे हे काम सौभाग्यवतींकडे आहे आणि "अहो, झालं का?" दर मिनिटाला येतं.

फिल्टर दीड-दोन स्टॉप उजेड खातो, म्हणजे निम्म्याहून जास्त. भल्या सकाळी एफ ११ ला (लेन्सचं छिद्र बारीक ठेवून) आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची संवेदनशीलता, १६०० च्या खाली उतरताच येत नाही. भर दुपारी मात्र तक्रार नाही.

जवळचा पर्याय कावी-कांबोई. भरतीत बुडणारं स्तंभेश्वराचं देऊळ तिथलंच. खडक नाहीत, नुसता चिखल. पण निवट्या (चिखलावर उड्या मारणारे मासे) भरपूर. इथे फिल्टर पूर्ण फिरवू नका. चमक गेली की ओला चिखल वाळल्यासारखा दिसतो आणि निवटीची ओलसर पाठही मेल्यासारखी. मी अर्ध्यावर ठेवतो. आणि तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा आमच्या आजीचा कोकणी हिशोब इथे लावू नका; खंभातच्या आखातात भरती मुंबईपेक्षा काही तास उशिरा येते. मी लावला होता. पँट गुडघ्यापर्यंत भिजून परतलो.

टिकाऊपणाचं म्हणाल तर काचेवर ओरखडा नाही. तिसऱ्या महिन्यात कड्यात वाळू शिरली आणि फिल्टर लेन्सवर असा बसला की हलेना. शेवटी भोवती रुंद रबरबँड गुंडाळून पिळला तेव्हा सुटला. आता घरी आल्यावर आधी काढतो, गोड्या पाण्यात धुतो, मगच चहा. तरी कडं फिरवताना अजून थोडं कर्र वाजतंच.