कांदळवन (खारफुटी) इंटर्नशिपच्या नावाखाली १९,९४९ रुपये गेले. मे महिन्यासाठी पैसे भरण्याआधी हे वाचा

रक्कम आधीच सांगते, म्हणजे "किती गेले?" असं पुन्हा कुणी विचारायला नको. नोंदणी ४९९ रुपये. 'परत मिळणारी' अनामत ५,०००. होमस्टे आणि होडी ८,५००. गमबूट, लाइफ जॅकेटचं किट २,७५०. सगळ्यात शेवटी 'वन परवाना शुल्क' ३,२००. एकूण १९,९४९. माझ्याबरोबरच्या दोघी मैत्रिणींचेही तेवढेच गेले. तिघींचे मिळून ५९,८४७ रुपये, आणि त्या दोघी माझ्या शब्दावर आल्या होत्या. मला त्यात एक पैसा कमिशन नव्हतं, हे इथे स्पष्ट लिहून ठेवते, कारण वर्गात तशीही कुजबुज झाली.

मी एम.एस्सी. वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी. नव्या शैक्षणिक धोरणानंतर आम्हाला पहिल्या वर्षी ऑन जॉब ट्रेनिंग सक्तीचं आहे, ४ क्रेडिट, १२० तास. कॉलेज म्हणतं, जागा तुम्हीच शोधा. घाटावरच्या आमच्या गावात वनस्पतिशास्त्राच्या मुलीला १२० तास कोण घेणार? एक टिश्यू कल्चरची लॅब आहे, तिथे आधीच रांग. त्यामुळे 'कांदळवन व किनारी परिसंस्था संवर्धन इंटर्नशिप, सिंधुदुर्ग, १५ दिवस, प्रमाणपत्र, क्रेडिटसाठी ग्राह्य' अशी जाहिरात ग्रुपवर आली तेव्हा मी अर्ज केला. हा हावरेपणा नव्हता, आमची गरज होती. फसवणाऱ्यांना ती आमच्यापेक्षा नीट माहीत असते. जाहिराती परीक्षेच्या आधीच्या महिन्यातच का सुटतात, याचा विचार करा.

लोक म्हणतात, "चौकशी नाही केली का?" केली. ऑनलाइन परिचय सत्रात इंटर्नशिपवाल्यांनी जे सांगितलं ते मी एकेक करून तपासलं. राज्याचा कांदळवन कक्ष २०१२ साली सुरू झाला, खरं. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ती पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेली, खरं. पांढरी चिप्पी हा २०२० पासून राज्याचा कांदळवृक्ष, खरं. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाचा नाश म्हणजे जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग असं म्हटलं, तेही खरं. वेंगुर्ल्यात महिला बचत गट खाडीत कांदळवन सफर घडवतो, हेही खरं. बोलणारा माणूस तिवर, कांदळ, काजळा, मारांडी ही कांदळवनातल्या झाडांची नावं सहज घेत होता. शास्त्रीय नावंही बरोबर. चार खरी वाक्यं ऐकली की पाचवं खोटं असेल असं मनात येत नाही. आता कळतं की मी विषय तपासला, माणसं नाही तपासली. कांदळवनाबद्दलची माहिती बरोबर असणं आणि ती सांगणारा कांदळवनात काम करत असणं, यांचा काही संबंध नाही.

आता ज्या गोष्टीने मला आजही झोप लागत नाही ती सांगते. वेळापत्रक.

त्यांनी छान रंगीत पीडीएफ पाठवली होती. पंधराही दिवस 'क्षेत्रकार्य, सकाळी ९ ते दुपारी १'. रोज, न चुकता, ९ ते १. जेवणाची सुट्टी, मग 'डेटा एंट्री'. एखाद्या ऑफिसचं असावं तसं. मी ती पीडीएफ छापून टेबलासमोर लावली होती, रोज बघत होते. समुद्राला रोज एकच वेळ नसते हे मी पाचवीच्या भूगोलापासून शिकले आहे. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. कांदळवनात काम होतं ते ओहोटीला, चिखल उघडा पडतो तेव्हा. म्हणजे तिथे खरोखर काम करणाऱ्या कुठल्याही माणसाचं वेळापत्रक रोज सरकतं, काही दिवशी पहाटे निघावं लागतं, काही दिवशी दुपारी. पंधरा दिवस ९ ते १ लिहिणाऱ्याने खाडीत कधी पाय घातलेला नाही, हे त्या कागदावरच लिहिलेलं होतं.

त्याहून वाईट म्हणजे त्यात बुद्ध पौर्णिमेचा दिवस होता, आणि त्या दिवशी 'रोपलागवड प्रात्यक्षिक, ९ ते १'. पौर्णिमेचं उधाण, आणि भरती ऐन दुपारच्या आधी. लागवड कुठे करणार, पाण्यात? आणखी एक ओळ होती, 'तिवराच्या बिया गोळा करणे'. मे महिन्यात! तिवराची बी आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात पिकून गळते. मी वनस्पतिशास्त्र शिकते. ही ओळ माझ्यासाठी होती, माझ्या बाबांसाठी नव्हे.

पण माझीही बाजू ऐका. घाटावर नदीला पूर येतो, भरती येत नाही. आमच्या अभ्यासात कांदळवन एका प्रकरणाचं, श्वसनमुळं आणि अपत्यजनन (बी झाडावरच रुजणं), परीक्षेला आठ गुण. कुठल्या महिन्यात काय गळतं ते पुस्तकात नाही. आणि कॉलेजच्या समन्वयकांनी तीच पीडीएफ बघून ना-हरकत पत्रावर सही केली. पीएच.डी. झालेल्या माणसाला जे दिसलं नाही ते मला दिसायला हवं होतं, असं म्हणणाऱ्यांनी आधी ती सही बघावी.

तर पहिली गोष्ट ही करा: किनाऱ्यावरच्या कुठल्याही कामासाठी बोलावणं आलं की विचारा, "अमुक तारखेला ओहोटी किती वाजता?" खरा माणूस लगेच सांगेल किंवा भरती-ओहोटीचं कोष्टक पाठवेल. खोटा म्हणेल, "ते तिथे आल्यावर कळेल."

पैसे कसे गेले ते फार सांगत बसत नाही, पद्धत सगळ्यांना माहीत आहे. आधी थोडे, मग 'शेवटची जागा', मग 'इतकं भरलंय तर आता एवढंच राहिलं'. क्यूआर कोड स्कॅन केला की संस्थेचं नाव येत नव्हतं, एका पुरुषाचं नाव येत होतं. विचारलं, तर "ट्रस्टचं खातं ऑडिटमुळे बंद आहे, हे खजिनदारांचं" असं उत्तर. आमच्या गल्लीतल्या मंडळाची वर्गणीही खजिनदाराच्याच नंबरवर जाते, म्हणून मला वावगं वाटलं नाही. तुम्हाला वाटू द्या. आणि ते 'परवाना शुल्क' तर त्याच नंबरवर! सरकारी शुल्क चलनाने सरकारी खात्यात जातं. खासगी यूपीआयवर वनखात्याचा परवाना मिळत नाही, कधीच नाही.

शेवटचे ३,२०० आईने भिशीतून काढून दिले. मी ते नको म्हणाले होते. तीच म्हणाली, "एवढं झालंय, आता माघार कशाला."

ठरलेल्या दिवशी रातराणीने उतरलो, पहाटे त्या गावात पोचलो. होमस्टे होता. फोटोतलाच होता, अंगण, माड, सगळं तेच. मालक काका बाहेर आले, आमच्या बॅगा बघितल्या आणि म्हणाले, "आमच्याकडे असला काय बुकिंग नाय गो बाय." त्यांचे फोटो कुणी वापरले हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. माझी एक मैत्रीण तिथेच पायरीवर बसून रडायला लागली. इंटर्नशिपचा ग्रुप तोवर बंद झाला होता, मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय त्यांनी आधीच लावली होती. म्हणून सांगते, पैसे भरण्याच्या आधीच स्क्रीनशॉट काढून ठेवा. आणि ज्या घरी राहायचं ठरलंय तिथला नंबर स्वतः शोधून फोन करा, त्यांनी दिलेल्या नंबरवर नाही. एका फोनचं काम होतं.

काकांनी चहा दिला, एक पैसा घेतला नाही. कॅलेंडर काढून त्यांनीच दाखवलं: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, ढोबळ हिशेब. तिथल्या प्रत्येक घरात हा हिशेब येतो. आमची छापील पीडीएफ बघून ते म्हणाले, ह्या वेळेक खाडीत कोण जातला? पहाटेच्या पहिल्या घोटात त्यांना जे कळलं त्याचे आम्ही १९,९४९ रुपये दिले होते.

आणि आता तक्रार. हे लिहिताना माझे हात थरथरतात.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार घेतली, ते ठीक. नंतर कळवलं की पैसे महिनाभरात हप्त्याहप्त्याने गेलेत, खात्यात गोठवायला काही उरलेलं नाही. (तुमचं असं काही झालं तर पहिला हप्ता खटकताच, त्याच तासाला १९३० लावा. थांबू नका, लाजू नका.) मग आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात गेलो. ते म्हणाले, घटना किनाऱ्यावर घडली, तिकडे जा. किनाऱ्यावरच्या ठाण्यात फोन केला. ते म्हणाले, पैसे तुमच्या गावातून गेले, तिकडेच द्या. सायबर विभागात गेलो, तिथे विचारलं, "रक्कम किती?" आकडा ऐकून समोरच्याने पेन खाली ठेवलं. "पैसे तुम्हीच पाठवले ना? मग चोरी कुठे झाली?" बाबा शेजारी उभे होते. आयुष्यात कधी पोलीस ठाण्याची पायरी न चढलेला माणूस, त्याला "एवढ्या शिकलेल्या पोरी आणि" असं ऐकवलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, झिरो एफआयआर. हे मी मोबाइलवर उघडून दाखवलं. "मॅडम, आम्हाला कायदा शिकवू नका." फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, ते खासगी माणसालाच माहीत असायला हवं का?

बँकेने सांगितलं, व्यवहार तुमच्या पिननेच झाला, आमची जबाबदारी नाही. ज्या सरकारी कार्यालयाचा खोटा शिक्का त्या परवान्यावर होता तिथे मूळ कागद घेऊन गेले. त्यांच्याच नावाचा गैरवापर होतोय, त्यांनी तरी चिडायला नको? "आमच्याकडून असा कागद गेलेला नाही," एवढं तोंडी सांगितलं. लेखी द्या म्हटलं तर अर्ज करा, अर्ज केला तर साहेब दौऱ्यावर. लेखी मिळालं असतं तर पोलिसांपुढे ठेवता आलं असतं, म्हणूनच बहुधा मिळालं नाही. पोर्टलवर माझी तक्रार 'निकाली' दाखवतात. कसली निकाली? मला कुणाचाही फोन आला नाही, जबाब झाला नाही. आणि कॉलेजने आता सूचना लावली आहे की बाहेरच्या इंटर्नशिपची जबाबदारी विद्यार्थ्याची. क्रेडिट सक्तीचे तुमचे, सही तुमची, मग जबाबदारी तेवढी आमची कशी?

'एमएसएमई नोंदणीकृत' हा शिक्का बघून भुलू नका. ही एमएसएमईची, म्हणजे लघुउद्योगांची 'उद्यम' नोंदणी स्वतःच्या माहितीवर ऑनलाइन होते, तिचा संवर्धनाशी संबंध नाही. ट्रस्ट म्हणत असतील तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक मागा आणि तो खरोखर त्यांचाच आहे का बघा. आधार कार्डची प्रत देऊ नका, मी दिली आहे आणि त्याची भीती वेगळीच. खऱ्या संस्थाही कधी राहण्याजेवणाचा खर्च घेतात, म्हणून 'पैसे मागितले म्हणजे खोटं' एवढा सोपा नियमही चालणार नाही. पण मागच्या वर्षीच्या दोन विद्यार्थ्यांशी बोलायला द्या म्हटल्यावर खरे लोक टाळत नाहीत.

मला कांदळवनात काम करायचं होतं. अजूनही करायचं आहे, आणि या विषयावर राग काढू नका अशी विनंती आहे. त्या भागात मनापासून काम करणारी माणसं आहेत, या चोरांनी त्यांचीही अब्रू विकली.

तुम्ही याच पद्धतीने पैसे भरले असतील तर तक्रार स्वतंत्र करा, एकत्र अर्ज आमच्याकडून घेतला नाही. आणि ३,२०० रुपयांचा तो परवाना असेल तर त्यावरचा जावक क्रमांक बघा. आमच्या तिघींच्या कागदांवर एकच क्रमांक आहे. तुमच्याही कागदावर तोच निघाला तर मला कळवा, त्या सायबर विभागाच्या टेबलावर मला ते सगळे कागद एकत्र ठेवायचे आहेत.