आयऑक्टल: सीमधून थेट, की रस्टमध्ये टाइप बांधून?

लिनक्सवर सिरियल पोर्टशी बोलणारा नवा प्रोग्रॅम लिहायला घेतलाय आणि आयऑक्टल (ioctl, डिव्हाइसला कमांड पाठवायचा कर्नलचा कॉल) सीमधून थेट वापरावं की रस्टच्या टाइप बांधलेल्या फंक्शनांतून, हे ठरत नसेल, तर माझा अनुभव कामी येईल. मी दोन्ही वापरलंय. वेगाबद्दल बोलत नाही. आमच्या कामात फरक जाणवला नाही.

सीची बाजू भक्कम आहे. कर्नलची हेडरं सीमध्येच, बोर्डाबरोबर येणारी उदाहरणंही सीमध्ये, आणि हाताखाली येणाऱ्या मुलांना तीच येते. पण आयऑक्टलच्या प्रोटोटाइपमध्ये तिसऱ्या जागी नुसते तीन ठिपके आहेत. तिथे काय द्यायचं ते कमांडवर अवलंबून. पोर्टचा बफर रिकामा करणाऱ्या टीसीएफएलएसएचला साधा आकडा लागतो, वाचायचे थांबलेले बाइट मोजणाऱ्या एफआयओएनरीडला इंटचा, म्हणजे चार बाइटांच्या पूर्णांकाचा पॉइंटर. कंपायलरला हे कळायला मार्गच नाही.

फोंड्याजवळच्या एका कुळागरात आम्ही पाण्याचे आठ व्हॉल्व्ह आरएस-४८५ या सिरियल तारेवर जोडले होते, मॉडबस प्रोटोकॉलनं. माझ्या स्ट्रक्टमध्ये ‘पेंडिंग’ (थांबलेले बाइट) आणि त्याला लागूनच स्लेव्ह क्रमांक (कुठल्या व्हॉल्व्हला हुकूम ते), दोन्ही १६ बिटांचे, म्हणजे दोन-दोन बाइटांचे. एफआयओएनरीडला मी पेंडिंगचा पॉइंटर दिला. कर्नलनं त्याच्या नियमाप्रमाणे चार बाइट लिहिले: पहिल्या दोनांत थांबलेल्या बाइटांची संख्या, पुढच्या दोनांत शून्य. म्हणजे स्लेव्ह क्रमांक शून्य. मॉडबसमध्ये शून्य म्हणजे सगळ्यांना एकदम हुकूम, आणि त्याला उत्तर कुणीच देत नाही. वर्कशॉपमध्ये टेबलावर एकच व्हॉल्व्ह होता, तो उघडायचा. उत्तर येत नाही याचं खापर आम्ही केबलवर फोडलं. कुळागरात एक व्हॉल्व्ह उघडायला सांगितला तर आठही उघडले. टाकी रिकामी, पोफळींच्या बुंध्यांशी चिखल. दोन दिवस मी वायरी तपासत बसलो. सगळ्या वॉर्निंग चालू ठेवल्या होत्या, एकही आली नाही. माझ्यासाठी निर्णय तिथेच झाला.

रस्टच्या निक्स क्रेटमध्ये (क्रेट म्हणजे लायब्ररी) प्रत्येक कमांडचं फंक्शन मॅक्रोनं एकदाच बनवायचं आणि टाइप तिथेच लिहायचा. आकडा द्यायचा की पॉइंटर, हे मॅक्रोच्या नावातच असतं. नंतर कुणी १६ बिटांचं व्हेरिएबल दिलं की बिल्ड अडते. रस्टिक्स या दुसऱ्या क्रेटमध्ये एफआयओएनरीड तयारच मिळतं. पॉइंटर द्यायची भानगडच नाही, संख्या थेट परत येते.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. निक्सच्या मॅक्रोत टाइपच चुकीचा लिहिलात तर तीच गत होते, म्हणून ती फंक्शनं ‘अनसेफ’च राहतात, म्हणजे इथली जबाबदारी कंपायलरची नाही, तुमची, अशी खूण कोडमध्ये करावी लागते. लिबसी क्रेटचं आयऑक्टल थेट वापरलंत तर तिथेही तेच तीन ठिपके. नव्या कमांडच्या आकड्यात आर्ग्युमेंटचा आकार १४ बिटांत कोरलेला असतो, पण एफआयओएनरीड जुन्या पिढीतली, तिच्यात तोही नाही. आणि रस्ट शिकायला वेळ लागतो, हे मान्य.

सी सोडणं शक्यच नसेल तर प्रत्येक कमांडसाठी छोटं इनलाइन फंक्शन लिहा. २०२४मध्ये आलेल्या जीसीसी १४पासून न जुळणारा पॉइंटर हा वॉर्निंग नव्हे, थेट एरर धरला जातो. मी वर्षभर असंच चालवलं आणि बरंच निभावलं. अडचण एवढीच, की घाईत कुणीतरी ते फंक्शन टाळून थेट आयऑक्टल लिहितो आणि त्या ओळीवर कुठलीच खूण नसते. आमच्याकडे हे दोनदा झालं.

नव्या बोर्डावर मी रस्टिक्स घेतलंय, तिथे नसेल तेवढ्यापुरतं निक्स. संपूर्ण कोडमध्ये ‘अनसेफ’ शोधलं की चार ठिकाणं निघतात. बोर्ड कुळागरात नेण्याआधी ती चारही मी शेजारी हेडर उघडून वाचली.