जिप्सीच्या १.३ इंजिनाचा फोर्ज्ड सेट : खरे पैसे आठ बोल्टांत आहेत

मारुती जिप्सी किंगचं १६ व्हॉल्व्हचं १.३ लिटरचं इंजिन ६००० आरपीएमला ८० पीएस देतं. कातळावरच्या ऑटोक्रॉसला किंवा घाटातल्या टाइम ट्रायलला ते पुरेनासं झालं, की बरेच जण फोर्ज्ड (दाबून घडवलेले) पिस्टन आणि एच-बीम रॉडचा (पिस्टनला क्रँकशी जोडणारा, एच आकाराच्या छेदाचा दांडा) सेट मागवतात आणि ८००० आरपीएमचं स्वप्न बघतात. सेट चांगलाच आहे. पण नुसता सेट बसवून इंजिन आठ हजाराला टिकत नाही. त्यातल्या कोणत्या वस्तूचे पैसे वसूल होतात आणि सेटमध्ये काय येतच नाही, ते आधी समजून घ्या.

या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ७५.५ मिमी. ६५०० ला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १६.४ मीटर असतो, ८००० ला २०.१ मीटर होतो. वेग तेवीस टक्केच वाढला, पण रॉडवरची ओढ आरपीएमच्या वर्गाने वाढते, म्हणजे थेट दीडपट. आठ हजाराला पिस्टन वरच्या टोकाला पोचतो तेव्हा त्याचं त्वरण गुरुत्वाच्या तीन हजारपटींहून जास्त असतं. पिस्टन, पिन आणि रिंगा मिळून ४०० ग्रॅम धरल्या, तरी रॉडला सव्वा टनाहून अधिक ओढ बसते. कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकला वर दाबलेला वायू ही ओढ थोडी झेलतो. एक्झॉस्टच्या शेवटी व्हॉल्व्ह उघडे असतात, वर कसलाच आधार नसतो, आणि सगळा भार बिगएंडच्या (रॉडचं क्रँकला धरणारं खालचं टोक) दोन बोल्टांवर येतो. म्हणून जास्त आरपीएमवर इंजिन फुटतं तेव्हा बहुतेक वेळा सुरुवात बोल्टापासून होते. बोल्ट लांबतो, कॅप सैल होते, बेअरिंग शेल फिरतं आणि रॉड ब्लॉकची भिंत फोडून बाहेर येतो.

म्हणून सेट निवडताना आधी बोल्ट विचारा. ४३४० या मिश्र स्टीलच्या एच-बीम रॉडबरोबर एआरपी या कंपनीच्या ८७४० किंवा एआरपी २००० धातूचा बोल्ट येतो. आठ हजाराला एआरपी २००० च घ्या, त्याची ताणशक्ती २,२०,००० पीएसआय आहे. किमतीतला फरक पूर्ण सेटच्या मानाने किरकोळ असतो. हे बोल्ट नुसत्या टॉर्क रेंचवर आवळू नयेत. साधं ऑइल लावलं की घर्षण वेगळं, बरोबर आलेलं वंगण लावलं की वेगळं, त्यामुळे रेंच तोच आकडा दाखवतो आणि बोल्टातला ताण मात्र वेगळाच असतो. बोल्टाच्या दोन्ही टोकांना बारीक खळगा असतो. स्ट्रेच गेजची टोकं त्यात टेकवा, आवळण्याआधी गेज शून्यावर आणा आणि बोल्टाबरोबरच्या कार्डावर दिलेली वाढ येईपर्यंत आवळा. प्रत्येक बोल्टाची मोकळी लांबी वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी इंजिन उघडल्यावर ती ०.०२५ मिमीने जरी वाढलेली दिसली, तरी बोल्ट फेकून द्यायचा. मूळ रॉडलाच नवे बोल्ट घालायचे असतील तर बिगएंडची गोलाई बदलते, ती पुन्हा होन करून (बारीक घासून मापात आणून) घ्यावीच लागते.

आता किनारपट्टीवरची खास अडचण. ४३४० हे स्टेनलेस नव्हे. देवगड, मालवण, वेंगुर्ल्याच्या खाऱ्या हवेत उघडा रॉड जूनमध्ये बाकड्यावर ठेवला, तर दोन दिवसांत त्यावर तांबूस ठिपके येतात. घामट बोट लागलं असेल तिथे तर आधी येतात. ते पॉलिश पेपरने घासून काढले की वर चकाकी येते, पण खाली सुईच्या टोकाएवढा खड्डा राहतो. दर फेऱ्याला ओढ बसते ती नेमकी त्या खड्ड्याच्या कडेला साठते, आणि तडा तिथूनच सुरू होतो. रॉडच्या बीमवर किंवा बोल्टाच्या मानेवर असा खड्डा दिसला, तर तो भाग आठ हजाराच्या इंजिनात घालू नका. पार्ट आल्या आल्या ऑइल चोपडा, गंजरोधक कागदात गुंडाळून हवाबंद पिशवीत ठेवा आणि जोडायच्या दिवशीच काढा. शक्य असेल तर जोडकाम दिवाळीनंतर घ्या.

पिस्टन दोन मिश्रधातूंत मिळतात. ४०३२ मध्ये सुमारे १२ टक्के सिलिकॉन असतं, तो तापल्यावर कमी फुगतो, सिलिंडरच्या भिंतीपासूनचा गॅप कमी चालतो आणि थंड इंजिनात आवाज कमी येतो. २६१८ चिवट असतो, पण फुगतो जास्त. टर्बो नसेल तर ४०३२ घ्या, विशेषतः गाडी रोज गावात फिरणार असेल तर. पिस्टन हातात आल्याशिवाय बोअरकाम करू नका. प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरने मोजा आणि गॅप उत्पादकाच्या कार्डावरचाच ठेवा. रिंगांच्या तोंडाचा गॅप वरच्या रिंगेला साधारण ०.३० मिमी, दुसरीला थोडा जास्त. बिगएंड बेअरिंगचा गॅप जर्नलच्या (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) व्यासाचा हजारावा भाग, म्हणजे ४२ मिमीला ०.०४२ मिमीच्या आसपास. स्विफ्ट जीटीआयच्या डबल कॅम इंजिनासाठी बनलेला सेट जिप्सीत बसेलच असं समजू नका. पिनचा व्यास, पिनपासून माथ्यापर्यंतची उंची आणि व्हॉल्व्हचे खळगे, तिन्ही जुन्या पिस्टनशी ताडून पाहा.

बोअर आणि क्रँक ग्राइंडिंग रत्नागिरी, चिपळूण, कुडाळकडे होऊन जातं. क्रँक, फ्लायव्हील आणि क्लचच्या प्रेशर प्लेटचं डायनॅमिक बॅलन्सिंग (फिरवून तोल साधणं) मात्र आंबा घाट चढून कोल्हापूरला करून घ्या. चार सिलिंडरच्या सरळ इंजिनाला बॉबवेट (बॅलन्सिंगवेळी क्रँकला बांधायची वजनं) लागत नाहीत, कोणी लावायला सांगितली तर दुसरीकडे जा. रॉडची दोन्ही टोकं वेगवेगळी तोलून एक ग्रॅमच्या आत जुळवा. बिडाचं फ्लायव्हील लेथवर खरवडून हलकं करणं जिवावरचं काम आहे. हलकं हवंच असेल तर स्टीलचं घ्या.

सेटमध्ये व्हॉल्व्ह स्प्रिंग येत नाहीत, आणि या सिंगल कॅम हेडमध्ये रॉकर असल्याने आठ हजाराआधीच मूळ स्प्रिंग हार मानतात. स्प्रिंग कॅमला (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) साजेशा निवडा. व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना टेकण्याआधी किमान एक मिमी जागा हवी. कॅम बदलला असेल तर पिस्टनवर मऊ मॉडेलिंग क्लेची (मातीची) पट्टी ठेवून इंजिन हाताने फिरवा. माती इनटेकला २ मिमी आणि एक्झॉस्टला २.५ मिमीपेक्षा पातळ झाली, तर खळगे खोल करावे लागतील.

ऑइलचं खातंही तुमच्याच पदरी. घाटातल्या लांब वळणावर ऑइल चेंबरच्या (इंजिनाखालची ऑइलची टाकी) एका बाजूला जातं, ऑइल खेचणारा पिकअप हवा ओढतो, आणि त्या दोन सेकंदांत बेअरिंग जातं. चेंबरमध्ये बॅफल (ऑइल अडवणाऱ्या आडव्या पट्ट्या) घाला. गरम इंजिनाला दर हजार आरपीएममागे दहा पीएसआय दाब दिसायला हवा.

मूळ हेड आणि मूळ कॅमवर हा सेट घेणाऱ्यांनी मात्र थांबावं. तिथे हवाच साडेसहा हजाराच्या वर पुरत नाही, आणि त्या आरपीएमला सुस्थितीतले मूळ रॉड चालतात. तेवढ्या पैशात हेडचं काम आणि नवी स्प्रिंग येतील. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत बदल करण्यावर निर्बंध घालतं, ते लक्षात घेता अशी गाडी स्पर्धेसाठीच ठेवलेली बरी.

जोडल्यावर पहिली वीस मिनिटं साधं मिनरल ऑइल, मग ते बदलून घाटात मध्यम भार देत चालवा. भाराशिवाय रिंगा बसत नाहीत. शंभर किलोमीटरला ऑइल फिल्टर कापून त्यातला कागद उन्हात पसरा. रुपेरी कण पिस्टनचे, तांबूस बेअरिंगच्या आतल्या थराचे, चुंबकाला चिकटतील ते स्टीलचे. पहिल्या फिल्टरमध्ये थोडे रुपेरी कण चालतात. तांबूस दिसले तर इंजिन पुन्हा सुरू न करता चेंबर खाली उतरवा.