घड्याळ चांगलंय, पण बाबांच्या फोनशी त्याचं जमवता जमवता आठ दिवस गेले

सात महिने झाले हे स्मार्ट घड्याळ बाबांच्या मनगटावर आहे, म्हणून आत्ता लिहितेय. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर एक स्टार देऊन मोकळी झाले असते. कंपनीचं नाव टाकत नाही, कारण आमच्याकडे जे झालं ते ब्लूटूथ कॉलिंगवाल्या कुठल्याही घड्याळाच्या बाबतीत होऊ शकतं आणि त्यातला निम्मा घोळ तर घड्याळाचा नव्हताच, फोनचा होता.

आधी घेतलं कशासाठी ते सांगते. बाबांना कमी ऐकू येतं. कानाचं मशीन आहे पण घरात असले की काढून ठेवतात, मग फोन शेजारच्या टेबलावर वाजून वाजून बंद होतो आणि इकडे आमचा जीव टांगणीला लागतो. एकदा ताईने लागोपाठ अकरा कॉल केले, शेवटी शेजारच्यांना बघायला पाठवलं, तर बाबा पेपर वाचत बसले होते. मनगटावर थरथरलं तर कळेल, एवढ्याच हिशोबाने घेतलं. पावलं, झोप, ऑक्सिजन वगैरे असलं तरी ठीक, नसलं तरी ठीक. म्हणजे आमच्यासाठी कनेक्शन गेलं की घड्याळाचा उपयोगच संपला.

वस्तू म्हणून बघाल तर छान आहे. आकडे मोठे, स्क्रीन उन्हातही वाचता येते, व्हायब्रेशन दणदणीत, बॅटरी कॉलिंग चालू ठेवून चार दिवस जाते. पट्ट्याखाली घाम साचतो तेवढा सोडला तर तक्रार नाही.

आता कनेक्शन. बॉक्स उघडला आणि आपण हेडफोन जोडतो तसं फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये जाऊन मी ते पेअर केलं. मग फोनवर घड्याळाचं ॲप टाकलं, ॲपमध्ये शोधलं तर घड्याळ दिसेचना. दहा वेळा शोधलं. नंतर कळलं की एकदा कुणाशी जोडलं गेलं की असं घड्याळ "मी इथे आहे" असं आजूबाजूला सांगणं थांबवतं, आणि इथे ते फोनला आधीच चिकटलेलं होतं, ॲपला दिसणार कसं. त्यामुळे कुणी नवीन घेणार असेल तर ब्लूटूथच्या लिस्टला हात लावू नका, आधी ॲप टाका आणि ॲपमधूनच पेअर करा.

मी काय केलं, तर फोनमधून फरगेट केलं आणि परत पेअर करायला गेले. तर "पेअरिंग फेल्ड". याचं कारण समजलं तेव्हा फार बरं वाटलं कारण मग पुढचं सगळं सोपं झालं. पेअर करताना फोन आणि घड्याळ दोघंही एकेक गुप्त किल्ली आपापल्याकडे जपून ठेवतात. फोनमधून फरगेट केलं की फोनकडची किल्ली जाते पण घड्याळाकडची तशीच राहते, मग घड्याळ जुनी किल्ली धरून बसतं आणि दोघांचं जुळत नाही. म्हणून काढायचं तर दोन्हीकडून काढायचं, फोनमधून फरगेट आणि घड्याळात जाऊन अनपेअर किंवा रीसेट. फक्त रीसेटच्या आधी एकदा सिंक, म्हणजे घड्याळातली माहिती ॲपमध्ये उतरवणं, होत असेल तर करून घ्या, नाहीतर घड्याळातच राहिलेली पावलं-बिवलं पुसली जातात.

असं करून जोडलं गेलं, दिवसभर मस्त चाललं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचा कॉल बाबांना कळलाच नाही. मी जाऊन बघते तर घड्याळावर पावलं बरोबर पण हवामान कालचंच. ॲप उघडलं तर चारपाच सेकंदात सगळं ताजं झालं, कॉल लावून बघितला तर थरथरलं. फोन टेबलावर ठेवला, तासाभराने परत कॉल केला तर काहीच नाही. हा खेळ तीन दिवस चालला.

इथे कस्टमर केअरचं सांगते. तीनदा बोलले, तीनही वेळा "रीसेट करा मॅडम" एवढंच उत्तर मिळालं. बोलणारी माणसं नम्र होती, पण फोन कुठला, ॲन्ड्रॉइड कितवं, बॅटरी सेव्हर चालू आहे का, हे एकानेही विचारलं नाही, आणि खरं दुखणं तिथेच होतं. ॲन्ड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, फोन चार्जिंगला नसताना स्क्रीन बंद करून नुसता पडून राहिला की तो ॲप्सना झोपवायला लागतो, बॅटरी वाचावी म्हणून. शिवाय बऱ्याच फोन कंपन्यांनी त्यावर आपापला वेगळा बॅटरी सेव्हर बसवलेला असतो, तो तर ॲप सरळ बंदच करून टाकतो. बाबांचा फोन दिवसभर टेबलावर पडून असतो, त्यामुळे त्यांच्याकडे हे रोज होणारच होतं. ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये अनरिस्ट्रिक्टेड केलं, म्हणजे याला झोपवू नको असं फोनला सांगितलं, ऑटोस्टार्ट चालू केलं, आणि बाबांना सांगितलं की बाबा, तुम्ही सगळी ॲप्स वर सरकवून साफ करता ना, त्यात हे घड्याळाचं तेवढं राहू द्या. नंतर रिसेंटमध्ये, म्हणजे उघडलेल्या ॲप्सच्या यादीत, त्याला लॉकच लावलं, म्हणजे चुकून उडायला नको.

आणि एक गोष्ट जी मला कुणीच सांगितली नव्हती. बॅटरी टिकावी म्हणून मी सुरुवातीला घड्याळातलं कॉलिंग बंद ठेवलं होतं, बाबा थोडेच मनगटावर बोलणार आहेत. पण या घड्याळाच्या फोनशी दोन वेगवेगळ्या जोडण्या असतात. एक लो एनर्जी ब्लूटूथची, मेसेज, पावलं, ठोके सगळं त्यावरून जातं आणि ती ॲपच्या भरवशावर चालते. दुसरी जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथची, आवाजासाठी, हेडफोनसारखी, आणि ती फोन स्वतः सांभाळतो. म्हणूनच लिस्टमध्ये एकाच घड्याळाची दोन नावं दिसतात. कॉलिंग चालू केल्यापासून आमच्या घड्याळात तरी ॲप झोपलेलं असलं तरी कॉल मनगटावर येतो. एक दिवसाची बॅटरी कमी झाली, पण कुणाच्या घरी माझ्यासारखं कारण असेल तर ही दुसरी जोडणी बंद ठेवू नका.

परवानग्यांचं थोडक्यात. बाबांना कॉल यायचा पण नाव न येता नुसता नंबर यायचा, ती कॉन्टॅक्ट्सची परवानगी राहिली होती. नोटिफिकेशन ॲक्सेस वेगळा द्यावा लागतो. ॲन्ड्रॉइड १२ आणि पुढच्या फोनमध्ये नियरबाय डिव्हायसेस नावाची परवानगी असते, त्याआधीच्या फोनमध्ये घड्याळ शोधायलाच लोकेशन चालू लागायचं, लोक घाबरून ते नाकारतात आणि मग घड्याळ सापडत नाही म्हणतात. ताईचा आयफोन आहे, तिथे ब्लूटूथमध्ये घड्याळाच्या नावापुढच्या आय वर टॅप करून सिस्टिम नोटिफिकेशन्स शेअर करायचं बटण असतं, ते बंद असेल तर घड्याळ जोडलेलं दिसूनही एक मेसेज येत नाही.

ताईवरून आठवलं. सगळं सुरळीत झाल्यावरही महिन्यातून एकदोनदा घड्याळ बाबांच्या फोनपासून अचानक तुटायचं आणि परत शोधलं तर सापडायचं नाही. दोन महिने मला उलगडा होईना. मग एका रविवारी ताई घरी आलेली असताना तिच्याच फोनवर बाबांच्या हृदयाचे ठोके दिसले! पहिल्या दिवशी माझ्याकडून होईना म्हणून तिने तिच्या फोनवर ॲप टाकून बघितलं होतं आणि ते तसंच राहिलेलं. बाबा अंगणात गेले, फोन आत राहिला, कनेक्शन क्षणभर तुटलं की ताईचा फोन टपून बसल्यासारखा घड्याळ ओढून घ्यायचा. तिच्या फोनमधून ॲप आणि पेअरिंग दोन्ही काढलं, त्यानंतर हा प्रकार एकदाही झाला नाही. ज्या ज्या फोनवर, टॅबवर कधी जोडून बघितलं असेल तिथून काढाच.

अंतराचं म्हणाल तर १० मीटरपर्यंत धरून चाला, तेही मोकळ्या जागेत. मधे दोन भिंती आल्या की आमच्याकडे तुटतंच. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि त्या लहरी पाणी शोषून घेतं, माणसाचं शरीर बरंचसं पाण्याचंच, त्यामुळे डाव्या मनगटावर घड्याळ आणि उजव्या मागच्या खिशात फोन असं असेल तर आपणच मधे भिंतीसारखे उभे असतो. बाबांना फोन शर्टाच्या खिशात ठेवायला लावलाय. घरातला वायफायही बऱ्याचदा त्याच २.४ वर असतो म्हणून मी राऊटर बंद करूनही बघितला होता, आमच्याकडे तरी काही फरक पडला नाही.

साडेतीन स्टार. घड्याळाला साडेचार दिले असते, एक स्टार ॲपचा कापलाय कारण झोपवलं गेल्यावर ते बाबांना काहीच सांगत नाही, निदान घड्याळावर मोठ्या अक्षरात "फोन तुटला" असं तरी यायला हवं. आमच्यात फक्त कोपऱ्यात एक बारीक खूण राखाडी होते, सत्तरीच्या माणसाला ती दिसणं अवघड आहे. गेल्या महिन्यात फोनचं अपडेट आलं तेव्हा अनरिस्ट्रिक्टेड केलेलं आपोआप परत पहिल्यासारखं झालं, तेही दोन दिवसांनी लक्षात आलं.

तेव्हापासून मी रोज सकाळी बाबांना एक मिस्ड कॉल देते आणि ते मनगटावरूनच तो कट करतात. कट झाला की मला कळतं, सगळं जोडलेलं आहे आणि बाबा उठलेत. आज ७ वाजून १० मिनिटांनी, दुसऱ्याच रिंगला कट झाला.