आधी मिस्त्री, मग पद्मिनी : वर्षभर चालवल्यानंतर

गेल्या दिवाळीपासून १९९२ ची प्रीमियर पद्मिनी वापरतोय. झाकून ठेवायला घेतलेली नाही. कोल्हापुरात राजारामपुरीतून लक्ष्मीपुरीत बाजाराला, रविवारी पन्हाळ्याला, मध्येच गगनबावड्यावरून खाली कोकणात, अशी नेहमीच्या कामाची गाडी आहे. घरात दुसरी नवी गाडी आहे, हे आधीच सांगतो. एकुलती एक गाडी म्हणून पद्मिनी घ्या असं मी कुणालाच सांगणार नाही.

भेटेल तो दोनच प्रश्न विचारतो, ॲव्हरेज किती आणि पार्ट मिळतात का. शहरात अकरा-बारा, हायवेला साठ-पासष्टच्या वेगानं नेली तर चौदाच्या आसपास. पार्ट मिळतात, नाहीतर बनवून घेता येतात. खरी अडचण तिसरीच आहे आणि ती कुणी विचारत नाही: गाडीवर हात ठेवणारा मिस्त्री कुठाय?

आमच्या घरी माझ्या लहानपणी फियाट होती. पद्मिनी हे नाव कंपनीनं १९७४ मध्येच दिलं होतं, तरी वडील शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत. पुढच्या सलग सीटवर वडील, आई आणि मध्ये मी. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला असल्यामुळे मध्ये बसणाऱ्याच्या गुडघ्यांना त्रास नाही. मागं आजी आणि चुलत भावंडं कोंबलेली. दर रविवारी वडील ग्रीस गन घेऊन गाडीखाली जात आणि मी बाहेर बसून ग्रीस भरायचे निपल मोजत असे, कारण एखादं राहिलं तर पुढच्या चाकाकडून कुरकूर सुरू व्हायची. त्या काळी भारतात पर्याय तरी किती होते? अ‍ॅम्बेसिडर, स्टँडर्ड आणि ही. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची, मग मिळालेली गाडी माणूस जपणार नाही तर काय करणार! आमच्या आधीच्या पिढीकडं 'डुक्कर फियाट' होती. तिची पुढची दारं उलटी उघडत. तिच्याविषयी नुसतं ऐकून आहे.

आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात इटालियन फियाट ११०० ची ही आवृत्ती १९६४ पासून बनू लागली आणि थोडेफार बदल होत २००० च्या आसपासपर्यंत चालली. चार सिलिंडर, १०८९ सीसी. इंजिन साधं, सगळं डोळ्यांना दिसतं, हात सगळीकडं पोचतो. मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती हजारोंनी धावत होती तोवर पार्ट बनवणाऱ्यांना गिऱ्हाईक होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा रस्त्यावरून गेली. तेव्हापासून नव्या पार्टचं पाकीट फोडताना आत नेमकं काय निघेल याची खात्री नसते. रबरी सामान तर हमखास कडक निघतं.

इथं कोल्हापूर उपयोगी पडतं. शिवाजी उद्यमनगरात अजून अशी दुकानं आहेत जिथं तुम्ही झिजलेला तुकडा काउंटरवर ठेवता आणि समोरचा माणूस मॉडेल न विचारता माप घ्यायचा व्हर्नियर काढतो. माझ्या गाडीचा गिअर मध्येच अडकायचा. पहिल्यातून दुसऱ्यात टाकताना लिव्हर लोण्यात फिरल्यासारखा फिरे आणि गिअर काही पडत नसे. भर रस्त्यात बॉनेट उघडून गिअरच्या लिंकेजचा दांडा हातानं सोडवायला लागायचा. हा दांडा ज्या कडीत फिरतो ती बुश झिजली होती. पार्टच्या दुकानात प्लॅस्टिकच्या बुश मिळत होत्या. लेथवाल्यानं त्या बोटात दाबून बघितल्या आणि परत केल्या. गनमेटलचा एक गोल तुकडा लेथच्या चकात धरला, बाहेरचा व्यास घेतला, आतून ड्रिल, मग बोअरिंग टूलनं हलकेच दोन हात. दांडा घालून बघितला, काढला, परत एक केसभर घेतला. पोलिश पेपर फिरवून माझ्या तळहातावर ठेवली तेव्हा बुश अजून गरम होती. पैसे किती घेतले असतील? एका थाळीचे. त्यानंतर गिअर पुन्हा अडकलेला नाही.

ब्रेक ड्रमही इथंच फिरवून घेतले, ब्रेक शूला नवे लायनर मारून घेतले, रेडिएटर खोलून रॉड मारून साफ केला. पितळी रेडिएटर असल्यानं डाग देता येतो. हल्लीच्या प्लॅस्टिक टाकीच्या रेडिएटरला तडा गेला की सरळ नवा आणावा लागतो. इंजिनाच्या हेडचं काम करतानाच एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट कडक धातूच्या बसवून घेतल्या. जुनी इंजिनं शिसंवाल्या पेट्रोलवर बनलेली, ते शिसं व्हॉल्व्हच्या सीटला आधार द्यायचं. २००० पासून देशात बिनशिशाचंच पेट्रोल आहे. हेड उघडलंच असेल तर हे काम करून टाकावं, पुन्हा पुन्हा टॅपेट घट्ट होण्याचा, म्हणजे व्हॉल्व्हची फट कमी होण्याचा, त्रास जातो.

आता मिस्त्रीमामांविषयी. सत्तरीच्या पुढचे आहेत, आमची जुनी फियाट त्यांनीच बघितली होती. दुकान पोरानं घेतलंय. पोरगा हुशार आहे, स्कॅनर लावून नव्या गाडीचा कोड दोन मिनिटांत काढतो. पण पद्मिनीला स्कॅनर लावायला जागाच नाही. मामा खुर्चीवरून उठत नाहीत, लांबूनच ऐकतात.

"बाळ, रेस सोड. हां. आता ऐक की, एक घर चुकतंय."

घर म्हणजे सिलिंडर. मला काही ऐकू येत नाही. ते एकेक प्लगची वायर काढायला लावतात. तिसरी काढली तरी इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, म्हणजे ते घर मुळात चालतच नव्हतं. प्लग बदलला. मग एअर फिल्टर उतरवून त्यांनी चालू इंजिनाच्या कार्ब्युरेटरच्या तोंडावर तळवा दाबला. इंजिन गुदमरल्यासारखं झालं, आणि बंद पडणार इतक्यात त्यांनी हात काढला. असं दोन-तीनदा. जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रात, अडकलेला कचरा त्या ओढीनं निघून जातो. नंतर रेस सोडल्यावरचा वेग ठरवणारा स्लो स्क्रू पाव आटा मागं, अर्धा पुढं, परत थोडा मागं. शेवटी बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवला आणि पेल्यातलं पाणी बघून म्हणाले, "बास, आता जा."

पोरगा शेजारीच उभा होता, फोनवर बोलत. त्याला दोष देत नाही. महिन्याला अशी एखादी गाडी येते, तिच्यासाठी कान तयार करण्यात कोण वर्षं घालवील? ब्लॉक बोअर करणारे, क्रँक ग्राइंड करणारे उद्यमनगरात आणखी पंधरा वर्षं असतील, कारण ती कामं शेतीच्या इंजिनांना आणि कारखान्यांनाही लागतात. कार्ब्युरेटर आणि ठिणगीचे पॉइंट लावणारा माणूस मात्र फक्त या गाड्यांनाच लागतो.

पेट्रोलचा अनुभव जरा सविस्तर लिहितो, कारण जुन्या गाडीवाल्यांना सध्या हाच खरा जाच आहे. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, मऊ करतं, हवेतलं पाणीही ओढून घेतं. उन्हाळ्यात डिपस्टिक काढली तर ऑइलची पातळी वाढलेली! मामांना सांगितलं तर म्हणाले, "तेल हुंगून बघ." पेट्रोलचा भपकारा. पद्मिनीचा पेट्रोल ओढणारा पंप इंजिनाच्या बाजूला, कॅमवर चालणारा. त्याचा पडदा फाटला की पेट्रोल थेट ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. अशी गाडी चालवत राहिलात तर बेअरिंग जातात, त्यामुळं ऑइल लगेच बदलायचं. आता पंपाला इथेनॉल सोसणारा पडदा, सगळ्या नळ्या इंजेक्शन गाडीच्या दर्जाच्या, आणि मेन जेट एक नंबर मोठा, कारण या पेट्रोलवर हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं, मिश्रण पातळ होतं आणि गाडी ओढत नाही. गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवायची, अर्धी नाही. गंमत बघा, आपल्याच जिल्ह्यातला ऊस आपल्याच गाडीचा पडदा खातोय!

उन्हाळ्यात घाट चढताना दुसरी भानगड. करूळ घाटातून वर येताना दुपारी दुसऱ्या गिअरमध्ये खेचत आणली की पंपातच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी फुसफुसून थांबते. उपाय जुनाच, पंपावर ओलं फडकं टाकायचं, दहा मिनिटं थांबायचं. डिकीत पाच लिटर पाणी, फडकी, फॅन बेल्ट, पॉइंट-कंडेन्सर आणि पान्यांचा संच कायम असतो. इंजिनाच्या उष्णतेचा काटा अर्ध्याच्या वर गेला की मी आपणहून थांबतो.

पावसाळ्यात चारही चाकांना ड्रम ब्रेक म्हणजे साचलेल्या पाण्यातून गेल्यावर पहिला ब्रेक लागतच नाही. ब्रेकवर हलका पाय ठेवून थोडं अंतर गेलं की लायनर सुकतात. माझ्या गाडीत ब्रेकचा जोर वाढवणारा सर्वो नाही, पाय जोरात दाबावा लागतो, आणि पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवायचं. ते ठेवलं की मध्ये एखादा बुलेटवाला घुसतोच. वायपर आपल्या मर्जीनं चालतात. हायवेवर सहापदरीच्या कामातून ट्रकांच्या मध्ये ही गाडी नेण्यात मजा नाही, मी जुन्या गावातल्या रस्त्यांनी जातो.

चालवायला मात्र काय सांगू! तिकोनी काच फिरवली की वारा थेट छातीवर. चारी बाजूंनी खांब बारीक, सगळं रान दिसतं. स्टिअरिंग उभ्या गाडीत जड, हलली की हलकं. खड्ड्यात मागचे पाटे आवाज करतात पण धक्का पोचू देत नाहीत. आणि रंकाळ्यावर थांबली की कुणीतरी आजोबा जवळ येऊन पत्र्यावर हात फिरवतातच. या गावाला जुन्या गाडीचं वेडच आहे. दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा सोनं लुटायच्या आधी अर्धी गर्दी गाडीच बघत असते.

कागदपत्रांचं थोडक्यात. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग आणि पर्यावरण कर. नोंदणी नूतनीकरणाची फी २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजार झाली, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या गाडीला दहा हजार. पन्नास वर्षं पूर्ण झाल्याशिवाय व्हिंटेजची सवलत नाही, म्हणजे माझ्या गाडीला अजून बराच अवकाश. नव्या नंबर प्लेटही बसवाव्या लागतात, जुन्या पितळी अक्षरांचा हट्ट सोडा.

घेणार असाल तर इंजिनावर भाळू नका, इंजिनाचं काम इथं होऊन जातं. पत्रा बघा. मॅट उचलून फ्लोअर बघा, दाराखालच्या सिलवर बोट दाबा, डिकीत स्टेपनीखाली हात घाला. सांगली-कोल्हापूरकडची गाडी असेल तर २०१९ आणि २०२१ च्या पुरात होती का ते मालकाला विचारा, आणि तो नाही म्हणाला तरी सीटच्या खालच्या स्प्रिंगांवर गंजाची आडवी रेघ आहे का बघा. आणि पैसे देण्याआधी गाडी ज्याच्याकडं नेणार त्या मिस्त्रीला घेऊन जा. तो येत नसेल तर गाडी घेऊ नका.

सध्या माझं एवढंच बाकी आहे: मागच्या डाव्या दाराची काच खाली करताना अर्ध्यावर अडकते, आणि डॅशबोर्डचं घड्याळ बंद आहे. घड्याळवाला महाद्वार रोडला सापडलाय. काचेच्या मशीनचं दातेरी चाक उद्यमनगरात टाकलंय, शनिवारी या म्हणालेत.